कार्ल्याच्या भिंतीवरचा रथ

लोणावळे,
माघ वद्य षष्ठी

तीर्थरूप दत्तोबामामा व सौ. मामी यांच्या पायांवर शरदने लोणावळ्याहून डोके ठेवले आहे, असे समजून आशीर्वाद द्यावा. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. आपला खोकला कमी झाला का? वाईच्या वैद्यांनी दिलेले चाटण मधातून घ्यायचे होते, ते आपण गुळातून घेता आणि वर तपकीर ओढता, असे मामींच्या कार्डावरून कळले. मामींच्या डोळ्यांतून पाणी येते, त्याला इथल्या एका गृहस्थांनी गुलाबपाणी सांगितले आहे. (ते गृहस्थ डोळ्यांचे जाणकार नाहीत, चिक्की विकतात, पण त्यांच्या सांगण्यात ठामपणा असतो.) थंडी अजून हटत नाही. सकाळी धुके असे येते की समोरच्या घरातला माणूस फक्त खोकल्यावरून ओळखावा लागतो.

आपण मागल्या पत्रात एवढेच विचारले होते की, वासंतीला पाहायला पुण्याची मंडळी येणार होती, त्याचे काय झाले. याचे उत्तर एका ओळीतही देता आले असते. परंतु ती एक ओळ वाचून झालेल्या प्रकारात माझा वाटा किती होता हे आपल्याला कळणार नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून कळले तर ते तिखटमीठ लावून कळेल. त्यापेक्षा माझी फजिती मीच सांगितलेली बरी. निदान व्याकरण तरी शुद्ध राहील.

आपल्याला ठाऊकच आहे की तात्या गेल्यापासून या धाकट्या बहिणीच्या लग्नाची वडीलकीची जबाबदारी माझ्यावर आहे आणि ती मला पेलत नाही. पोरगी बावीस वर्षांची झाली. मॅट्रिक झालेली, दिसायला चारचौघींत उठून दिसणारी, घरकामात चंद्रिकेच्या (म्हणजे आमच्या सौ.च्या) एक पाऊल पुढे. तरी दोन ठिकाणांहून नकार आला. तिच्यात दोष एवढाच की विचारलेल्या प्रश्नाचे ती उत्तर देते. तळेगावच्या एका सासऱ्यांनी तिला विचारले, ‘आमचा मुलगा तुला कसा वाटला?’ आता हा प्रश्न विचारायचा असतो, त्याचे उत्तर द्यायचे नसते, मान खाली घालायची असते. हिने सांगितले, ‘झोप अपुरी झालेला वाटला.’ मंडळी पोह्यांच्या बश्या अर्ध्यावर टाकून उठली. म्हणून या खेपेला मी तिला बजावून ठेवले होते की, पाहुणे परत गाडीत बसेपर्यंत तू तोंड उघडायचे नाहीस. तिने मान डोलावली. (ती मान डोलावते तेव्हा मला अधिक भीती वाटते.)

हे स्थळ म्हणजे पुण्याचे नरहरपंत देवस्थळी यांचे चिरंजीव दीनानाथ. मुलगा एका कारखान्यात यंत्रांवरचा इंजिनियर, निर्व्यसनी, आणि फावल्या वेळात कविता करणारा. हुंड्याबिंड्याची भाषा नाही. मात्र स्थळ सुचवणाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली: नरहरपंत थोर रसिक आहेत, पुण्यात गाण्याची बैठक असो की चित्रांचे प्रदर्शन, पहिल्या रांगेत त्यांची पगडी असतेच, त्यांना सून पाहिजे ती रसिक घराण्यातली. हे ऐकल्यावर मी त्याच दिवशी नरहरपंतांना पत्र टाकले की, आमच्या घरी पूर्वापार कलेचे वातावरण असून मी स्वतः शिल्प, संगीत व काव्य या तिन्हींचा नम्र उपासक आहे. मामा, मी रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून आहे. माझा सगळा कलास्वाद म्हणजे पेटी फुटकी आली की धड आली, हे ओळखण्यापुरता. घरात चित्र म्हणाल तर कपबशांच्या दुकानाच्या कॅलेंडरावरची लक्ष्मी, आणि संगीत म्हणाल तर तात्यांची बाजाची पेटी, जिच्या भात्याला भोक असल्याने चंद्रिका तिच्यावर पापड वाळत घालते.

नरहरपंतांचे उलट टपाली उत्तर आले. लिहिले होते की, तुमच्यासारखा समानधर्मी भेटणार याचा आनंद शब्दांत मावत नाही. आम्ही सकाळच्या गाडीने मळवलीला उतरू, आधी तुमच्यासारख्या जाणकाराच्या तोंडून भाज्याची लेणी समजून घेऊ, मग लोणावळ्याला तुमच्या घरी येऊन मुलगी पाहू, थोडे गाणे ऐकू, थोडी काव्यचर्चा करू. ते पत्र मी चंद्रिकेला वाचून दाखवले. चंद्रिका म्हणाली, खरे काय ते कळवून टाका. पण खरे कळवायला जे धैर्य लागते ते माझ्याकडे असते तर मी खोटे कशाला लिहिले असते?

मग मी तयारीला लागलो. वाचनालयातून लेण्यांवरचे एक पुस्तक आणले आणि भाज्याचे प्रकरण तोंडपाठ केले. माल-कचेरीत पावत्या फाडताना, अंघोळ करताना, जेवताना माझे एकच चालले होते: डाव्या हाताला चार घोड्यांचा रथ, रथात सूर्य, चाकांखाली राक्षसी; उजव्या हाताला हत्तीवर आरूढ इंद्र, हत्तीच्या सोंडेत उपटलेले झाड. हेही पाठ केले की, काही विद्वानांच्या मते हा सूर्य नव्हेच आणि हा इंद्रही नव्हे. (हे वाक्य मला फार आवडले. ते कुठेही चालते.) दगडातली गती, रेषेतली लय, पाषाणातला प्राण, असे शब्द मी कुठे दम खायचा त्यासकट बसवले होते.

त्या दिवशी मी मळवली स्टेशनावर हजर होतो; पाहुण्यांतल्या बाईमाणसाला सोबत हवी म्हणून वासंतीलाही नेले होते. गाडी आली. नरहरपंत उतरले: उंच, गोरे, लाल पगडी, सोनेरी काड्यांचा चष्मा, अंगावर शाल. त्यांना पाहताच मी निम्मा पाठ विसरलो. मागून त्यांच्या पत्नी लीलाबाई, शांत आणि हसऱ्या. त्यांच्या मागून दीनानाथ. मुलगा देखणा, पण एक हात गालाला लावलेला आणि नजर जमिनीकडे. मी नमस्कार केला तर त्याने नुसती मान हलवली. मी मनात म्हटले, कवी आहे, आत काहीतरी चालू आहे.

बैलगाडी ठरवली होती महिपतीची. हा इथलाच शेतकरी, कचेरीत त्याचे येणेजाणे असते म्हणून ओळखीचा. गाडीत बसताना त्याने कुठे जायचे विचारले, मी भाजे म्हणणार इतक्यात लीलाबाई म्हणाल्या की, एवढे आलो आहोत आणि मुलाच्या लग्नाचे काम आहे, तर आधी एकवीरेचे दर्शन घ्यावे. महिपतीला तेच हवे होते. म्हणाला, ‘माय, तुमी बराबर बोल्लात. भाज्याला नुसती लेनी. कारल्याला लेनी बी हाईत आन् आई बी हाय. येका फेऱ्यात दोन्ही हुतंया.’ नरहरपंत म्हणाले, जाणकाराला काय, भाजे आणि कार्ले सारखेच. आणि गाडी इंद्रायणीच्या दिशेला वळली.

मामा, त्या क्षणी मी तोंड उघडून ‘मला कार्ल्यातले काही ठाऊक नाही’ एवढे म्हटले असते तर पुढचे सगळे टळले असते. पण वासंती माझ्याकडे पाहत होती. मीच तिला दिवसभर गप्प राहायला सांगितले होते, तेव्हा मीही गप्प राहिलो.

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात एकच आशा होती की नरहरपंतांना दम लागेल आणि ते खालूनच लेणी समजून घेतील. त्यांना दम लागला नाही, मला लागला. देवीचे दर्शन झाले. लीलाबाईंनी ओटी भरली. मग आम्ही लेण्याच्या ओसरीत शिरलो आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. समोर भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत. भरल्या अंगाच्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेल्या, आणि कपड्यांच्या बाबतीत अगदी निष्काळजी. उपवर बहीण शेजारी, तिचे होऊ घातलेले सासूसासरे समोर, आणि तोंडपाठ केलेल्या प्रकरणात या जोड्यांचा पत्ता नाही. मी घाईघाईने सांगितले की हे लेण्याला देणगी देणारे धर्मनिष्ठ नवराबायको आहेत. लीलाबाईंनी हलकेच विचारले की, मग अंगावर काहीच कसे नाही. नरहरपंत गंभीरपणे म्हणाले, सगळे देऊन टाकले असेल.

तो विषय बदलावा म्हणून मी पाठीमागे हात बांधले, डोळे किंचित मिटले आणि पाठ केलेले सुरू केले. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. ‘आता डाव्या हाताला पाहावे,’ मी म्हणालो, ‘चार घोड्यांचा रथ. रथात प्रत्यक्ष सूर्य. चाकांखाली अंधाराच्या राक्षसी चिरडल्या जात आहेत.’ डोळे उघडून डाव्या हाताला पाहिले. तिथे रथ नव्हता. घोडे नव्हते. भिंतीवर हत्ती होते, ते आपले कधीचे उभे होते, आणि त्यांच्या वर सपाट, काळपट दगड होता. वासंतीने त्या दगडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पदर तोंडाला लावला.

नरहरपंतांनी चष्मा पुसला. दोन पावले मागे सरले. मान एकदा डावीकडे झुकवली, एकदा उजवीकडे. बराच वेळ पाहून हळू आवाजात म्हणाले, ‘काय गती आहे हो घोड्यांना. आत्ता भिंतीतून बाहेर येतील.’

मला वाटले ते माझी टर उडवत आहेत. पण त्यांचा चेहरा भक्तिभावाने ओथंबला होता. लीलाबाईंनी सूर्याला हात जोडले. मी घाबरून महिपतीकडे पाहिले. तो लहानपणापासून इथे येतो, आता हा सगळे उघडे पाडणार. महिपती पुढे आला, कपाळावर आडवा हात धरून भिंत न्याहाळली आणि म्हणाला, ‘व्हय, हाय की. लय जुना हाय. त्यो कडंचा घोडा बगा, जरा लंगडतुया.’ नरहरपंतांनी त्याच्या नजरेचे कौतुक केले. म्हणाले, लंगडण्यातच शिल्पकाराने जान ओतली आहे. एकटा दीनानाथ गालाला हात लावून खालच्या फरशीकडे पाहत उभा होता. मी त्याचाही अर्थ लावला: याला या उघड्या सौंदर्याची मातब्बरी वाटत नाही, हा त्याच्या पलीकडे गेला आहे.

दुपारच्या गाडीने लोणावळ्याला आलो. जेवणे झाली. दीनानाथने श्रीखंडाला बोट लावले नाही, पाण्याचा पेला ओठाला लावून तसाच खाली ठेवला, वरणभात मात्र हळूहळू, एका अंगाने खाल्ला. मी चंद्रिकेला आत जाऊन म्हटले, मुलगा विरक्त आहे, मला थोडी काळजीच वाटते. वासंती ताक घुसळत होती, तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण मी बोट ओठांवर ठेवले.

चारच्या सुमारास गाणे. इथले हौशीरामबुवा आणि त्यांचे तबलजी अंबाजी यांना मी सांगून ठेवले होते. आता गाण्यात ‘वा’ कुठे म्हणावी हे मला आजतागायत कळलेले नाही. बुवांना आधी खाजगीत विचारले तेव्हा ते म्हणाले, समेवर म्हणावी. सम कशी ओळखावी म्हटले तर म्हणाले, अंबाजीची मान पाहा, सम आली की ती हलते. हे मला पटले. कानाचे काम डोळ्यांवर भागत असेल तर कारकुनाला सोपे. म्हणून मी बरोबर अंबाजीच्या समोर बैठक मारली आणि त्याच्या मानेवर दृष्टी लावून बसलो. मला काय ठाऊक की त्या दिवशी अंबाजीच्या मानेवर गळू झाले होते! त्यावर पोटीस बांधले होते, कोटाची कॉलर त्याला घासली की बिचारा मान झटकायचा.

बुवा अजून तंबोरा जुळवत होते, तेव्हाच अंबाजीची मान हलली. मी म्हटले, ‘वा.’ माझ्या शेजारून नरहरपंत म्हणाले, ‘वा, वा.’ बुवांनी चमकून आमच्याकडे पाहिले. पुढे गाणे सुरू झाले तसे मी अंबाजीकडे आणि नरहरपंत माझ्याकडे पाहत राहिलो. कॉलर घासायची, मान झटकायची, मी दाद द्यायचो, ते दुप्पट द्यायचे. बुवा खाकरले तेव्हा दाद गेली. बुवांनी पानाची पिचकारी टाकायला चंची बाजूला सारली तेव्हा गेली. सम मात्र दर वेळी येऊन निमूटपणे निघून जात होती. बुवांना आयुष्यात एवढी दाद कोणी दिली नव्हती. ते असे खुलले की एकच ओळ धरून बसले आणि सोडीनात. शेवटी अंबाजीच डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की आता पुरे. नरहरपंत मला म्हणाले, पाहा, वाजवणाराही गहिवरला.

बुवा आणि अंबाजी गेल्यावर नरहरपंतांनी खिशातून एक कागद काढला. म्हणाले, ही दीनानाथची नवी कविता; एका मासिकाने परत पाठवली, पण तुमच्यासारख्या मर्मज्ञाकडून तिचे रसग्रहण ऐकावे अशी इच्छा आहे. मुलीलाही बाहेर बसू द्या, तिच्याही कानांवर पडेल. वासंती येऊन चंद्रिकेजवळ बसली. दीनानाथ लाजून की कशाने आणखीच खाली वाकला. नरहरपंतांनी कविता वाचली. तीवरून पुढे सगळे घडले, म्हणून ती जशीच्या तशी उतरवून देतो:

खोल कोठे तू दडूनी जाळिशी मज अंतरी
रात्र सारी जागतो मी मूक या शय्येवरी
गोड काही ओठि येता पेटुनी तू ऊठशी
गार वारा लागता तू जीव माझा घोटशी
काढुनी टाकू तुला का? धीर होईना परी
पोकळी राहील मागे, आणि ती जन्मावरी

मला हायसे वाटले. भिंतीवर रथ आहे की नाही हे कोणीही पाहू शकतो. कवितेत काय आहे हे कोण पाहणार? मी सांगितले की यातला ‘तू’ म्हणजे परमात्मा. तो जिवाच्या आत खोल दडला आहे. ‘गोड काही’ म्हणजे विषयसुख. ते ओठी येताच आतला परमात्मा पेटून उठतो. गार वारा ही वैराग्याची झुळूक. साधक थकून म्हणतो, हा ध्यास काढून टाकू का? पण मग उरेल ते शून्य. आणि हे शून्य सकाळी आपण जी लेणी पाहिली त्या भिक्षूंचेच आहे. इथे माझा आवाज जड झाला. मामा, मी स्वतःच्या बोलण्याने गहिवरण्याची ही पहिलीच वेळ.

नरहरपंतांनी डोळे मिटून ऐकले. म्हणाले, फार खोल गेलात, पण मला यात स्वातंत्र्य दिसते. ‘तू’ म्हणजे स्वातंत्र्याची आकांक्षा. गोड म्हणजे सरकारी नोकरी. मी सरकारी नोकर नसलो तरी रेल्वेचा असल्याने थोडा सावरून बसलो आणि म्हटले की दोन्ही अर्थ शक्य आहेत. काही विद्वानांच्या मते हा परमात्माही नव्हे आणि स्वातंत्र्यही नव्हे. असा आमचा दोघांचा वाद रंगात आला. मी शंकराचार्यांपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘दाढ वरची की खालची?’

वासंती बोलली होती. मला डोळ्यांपुढे तळेगावच्या पोह्यांच्या बश्या दिसू लागल्या.

दीनानाथने दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली. गालावरचा हात काढला. गाल चांगलाच सुजला होता. आम्ही कोणी तो पाहिलाच नव्हता, आम्ही त्यातले चिंतन पाहत होतो.

‘खालची,’ तो म्हणाला. ‘उजवीकडची.’

‘अक्कलदाढ?’

‘हो. तुम्हाला कसं कळलं?’

‘तुम्हीच लिहिलंय की सगळं. गोड लागलं की ठणकते, गार लागलं की ठणकते, रात्रभर झोप नाही, आणि काढून टाकायची भीती वाटते. पण काढूनच टाका. पोकळीची सवय होते. माझी काढली तेव्हा आठवडाभर जीभ तिथंच जायची, मग विसरले.’

असे म्हणून ती आत गेली, कापसाच्या बोळ्यावर लवंगेचे तेल घेऊन आली, आणि तिने तो दाढेत धरून बसायला सांगितले. मी नरहरपंतांकडे पाहायचे धाडस करीना. परमात्मा, स्वातंत्र्य आणि शंकराचार्य यांना एका दाढेने उपटून फेकले होते. लीलाबाईंनी मुलाच्या गालाला हात लावून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाल्या की, आठ दिवस मुलगा जेवत नाही आणि तुम्ही म्हणालात काव्य स्फुरते आहे. नरहरपंतांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

बोळ्याने बरे वाटल्यावर दीनानाथ बोलू लागला, तो थांबेना. म्हणाला, ही कविता मी ज्याला ज्याला दाखवली त्याने त्याने पाठ थोपटली आणि दाढेचे कोणी नाव काढले नाही. मासिकाच्या संपादकांनी तर ‘अध्यात्मपर कवितांचा साठा पुरेसा आहे’ असे लिहून ती परत केली. मला वाटू लागले होते की मलाच लिहिता येत नाही. आणि मग कापसाचा बोळा तोंडात तसाच ठेवून, शब्द जरा फुगीर निघत होते पण अगदी ठामपणे, वडिलांना म्हणाला, ‘बाबा, मला मुलगी पसंत आहे. त्यांना माझी कविता कळली.’

मी गडबडून पानाचे तबक दीनानाथपुढेच सरकवले. चंद्रिकेने मात्र प्रसंगावधान राखून वासंतीला तुझे काय ते सांग असे खुणेने सुचवले. आणि मी लगेच डोळे वटारले, कारण सवय. वासंती म्हणाली, ‘मलाही पसंत आहेत. एवढी दाढ ठणकत असताना दिवसभर दादाचं आणि यांच्या वडिलांचं ऐकून घेतलं आणि एकदाही चिडले नाहीत. संसार करतील.’

लीलाबाई हसल्या आणि त्यांनी तिला जवळ ओढले. नरहरपंतही हसले, पण थोडे उशिरा.

स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडीला अवकाश होता. मंडळी बाकावर बसली. नरहरपंतांनी मला हाताला धरून प्लॅटफॉर्मच्या टोकाला नेले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, ‘शरदराव, खरं सांगा. तो रथ तुम्हाला दिसत होता?’

मी म्हटले, ‘नाही. तो भाज्याला आहे. मी भाज्याचं पाठ केलं होतं.’

मग त्यांनी मोठा श्वास सोडला. ‘बरं झालं. मला वाटलं माझे डोळे गेले.’ मग त्या उंच, पगडीवाल्या गृहस्थांनी मला सांगितले की त्यांच्या वडिलांच्या वाड्यात गवई उतरत, चित्रकार येऊन राहत, आणि वडील गेल्यावर लोकांनी तो रसिकपणा घरादाराबरोबर यांच्या नावावर करून टाकला. तेव्हापासून ते पहिल्या रांगेत बसतात आणि शेजारच्या माणसाकडे पाहून मान डोलावतात. आज शेजारी मी मिळालो होतो. माझ्या पत्राने त्यांना किती धास्ती वाटली होती, हेही सांगितले. दोन रात्री ते माझ्या भीतीने संस्कृत चाळत होते. मी त्यांना अंबाजीच्या गळवाचे सांगितले. तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला, आणि गाडीत बसताना त्यांनी मला मिठी मारली.

तर मामा, लग्न ठरले. पुढच्या रविवारी मी वासंतीला घेऊन भाज्याला जाऊन आलो. पुस्तक नेले नाही. रथ आहे, तिथेच आहे, डाव्या हाताला. मी त्याच्यासमोर बसलो आणि मला त्यावर काहीही सांगता येईना. घोड्यांच्या माना पाहत राहिलो. कोणी एका माणसाने हातात छिन्नी घेऊन हे केले आणि त्याला वाटले असेल तेच मला वाटते आहे की दुसरेच, कोण जाणे. पण काहीतरी वाटत होते खरे, आणि ‘वा’ म्हणायची आठवण झाली नाही. बराच वेळ मी बोललो नाही तेव्हा वासंतीने काळजीने विचारले की, दादा, पित्त झाले आहे का. मी हो म्हटले. ते समजावण्यापेक्षा सोपे होते.

यापुढे कलेच्या वाटेला जायचे नाही, जे कळत नाही ते कळत नाही म्हणायचे, असा मी निश्चय केला आहे. चंद्रिकेचा सा. नमस्कार. वासंती आपल्याला लिहिणारच आहे. आपण दोघांनी लग्नाला आधी येऊन राहावे. प्रकृतीस जपावे, आणि चाटण मधातून घ्यावे.

आपला भाचा,
शरद

ता. क. लग्नात नवी मंगलाष्टके व्हावीत अशी नरहरपंतांची इच्छा दिसली. त्या दिवशी मंडळी निघण्यापूर्वी सर्वांसमोर विषय निघाला आणि वधूपक्षाची मंगलाष्टके मी स्वतः रचीन असे माझ्या तोंडून गेले. (निश्चय त्यानंतर केला.) आठ दिवस बसलो आहे. ‘वासंती’ हे नाव शार्दूलविक्रीडितात ओळीच्या आरंभीच चपखल बसते. त्याच्यापुढे अजून काही बसलेले नाही. आपण रचलेल्या मंगलाष्टकांवर आपल्या घराण्यातली सगळी लग्ने लागली आहेत. तरी कृपा करून एक संच करून पाठवावा. शेवटच्या कडव्यात माझे नाव घालावे, आणि शब्द असे असावेत की मी लिहिले असतील असे लोकांना वाटावे. म्हणजे एखाद्या ठिकाणी वृत्त किंचित लंगडू द्यावे. हे मामींखेरीज कोणाला कळू नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच पुण्याहून नरहरपंतांचे खाजगी पत्र आले. वरपक्षाची मंगलाष्टके आपण रचणार असे त्यांनीही चारचौघांत सांगून टाकले आहे, आणि गुपचूप रचून देईल असा कोणी विश्वासू माणूस माझ्या पाहण्यात आहे का, असे विचारतात. आहे, असे मी कळवले. नाव कळवले नाही. तेव्हा मामा, दोन संच करावे लागतील. त्यांचा आमच्यापेक्षा थोडा सरस असू द्यावा. काही झाले तरी वरपक्ष आहे.